कंबर दुखते म्हणणारे पुरुष

‘‘डॉक्टरसाहेब कवा येतीन?’’

हा प्रश्न अमरावतीच्या माझ्या दवाखान्यात मी इतक्या वेळा ऐकला आहे, की उत्तर देताना आता मान वर करत नाही. ‘‘आले आहेत. बसा.’’ मग समोरचे गृहस्थ एकदा माझ्याकडे बघतात, एकदा भिंतीवरच्या पाटीकडे. पाटीवर ‘मूत्ररोगतज्ज्ञ’ लिहिलेलं आहे आणि वर बाईचं नाव आहे. काही जण तिथूनच उठतात. एक निवृत्त मुख्याध्यापक ‘‘जरा पाणी पिऊन येतो’’ म्हणून बाहेर गेले, ते अजून पाणीच पीत आहेत.

जे बसतात, ते सांगतात, कंबर दुखते.

मी विचारते, कंबर म्हणजे नेमकं कुठे? मग हात पाठीमागे जातो, तिथून मांडीवर येतो, आणि शेवटी टेबलावरच्या पेपरवेटशी खेळायला लागतो. सोबत बायको असली तर ती सांगते, ‘‘लघवीले चार-चारदा उठतेत रातच्याला. मोटारसायकलवर बसवत नाही. सांगा ना जी, मले काहून सांगाले लावता?’’ आणि हा बाप्या बायकोकडे असा बघतो, की तिनं जणू भर चौकात त्याचं धोतर सोडलं.

माझी हयात या कंबरदुखीत गेली. आता मी शस्त्रक्रिया कमी केल्या आहेत आणि वेळ मिळतो, तेव्हा मनात साचलेला राग एकदा कागदावर उतरवावा म्हणते. दिवाळी अंकात लोक गोडधोड वाचतात हे मला ठाऊक आहे. चिवड्यात मिरची असतेच की.

तर जागेविषयी आधी स्वच्छ सांगते. पुरुषाच्या मूत्राशयाच्या खाली, आवळ्याएवढी एक ग्रंथी असते. लघवीची नळी तिच्या मधून जाते. तिला प्रोस्टेट म्हणतात. मराठीत कुणा विद्वानानं तिला ‘पौरुषग्रंथी’ असं नाव देऊन ठेवलं आणि आमचं काम दुप्पट अवघड केलं. ग्रंथीला सूज आली म्हटलं की पुरुषाला वाटतं, आपलं पौरुषच गेलं. अहो, घसा बसतो तशी ती सुजते. वय झालं की बहुतेकांची वाढते, तो वेगळा विषय. पण तिशी-पस्तिशीच्या माणसालाही तिथे जंतूंचा संसर्ग होऊ शकतो, आणि तो एकदा मुरला की वर्षानुवर्षं छळतो. लघवीला जळजळ, वारंवार जावं लागणं, बसायच्या जागी आत कुठेतरी ठणका, बायकोजवळ गेल्यावर दुखणं. मध्येच महिनाभर बरं वाटतं, माणूस देवाला नारळ फोडतो, आणि पुन्हा सुरू.

पुन्हा का सुरू होतं, तेही साधं आहे. बहुतेक औषधं लघवीत उतरतात, पण या ग्रंथीच्या आत शिरत नाहीत. पाच दिवसांच्या गोळ्यांनी लघवीतले जंतू मरतात, ग्रंथीतले बसून राहतात. म्हणून निदानाची रीत अशी, की आधी लघवीचा एक नमुना घ्यायचा. मग हातमोजा घालून, गुदद्वारातून बोटानं ती ग्रंथी तपासायची, हलकेच दाबायची, आणि लगेच दुसरा नमुना घ्यायचा. पहिला स्वच्छ आणि दुसऱ्यात जंतू, म्हणजे चोर कुठल्या खोलीत आहे ते कळलं. अंगात ताप असताना मात्र ती दाबायची नाही, जंतू रक्तात जाऊ शकतात. मग ग्रंथीच्या आत शिरणारं औषध जंतू बघून निवडायचं आणि महिना-दीड महिना चिकाटीनं द्यायचं. एवढंच आहे. यात कुठलंही भस्म नाही, मंत्र नाही, आणि लाजण्यासारखं तर काहीच नाही.

आणि हे एवढंच करायला कोणी तयार नाही, हा माझा संताप आहे. डॉक्टरांना पाच मिनिटं नसतात आणि बोट घालायची लाज वाटते. होय, डॉक्टरांना! माझ्याकडे येणाऱ्या पुरुषांना मी पहिला प्रश्न विचारते, ‘‘याआधी मागून तपासलं का कोणी?’’ वर्षानुवर्षं गोळ्या खाल्लेली माणसं नाही म्हणतात. खोकल्याच्या रोग्याच्या छातीला नळी न लावता औषध दिलं तर लोक दवाखान्याची काच फोडतील. इथे कोणाची तक्रार नाही. तपासलं नाही, सुटलो बुवा, असंच त्यालाही वाटतं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर उद्या जो तो माझ्याकडे प्रोस्टेट दाबून घ्यायला येईल. अशी लक्षणं असलेल्या बऱ्याच जणांत जंतू सापडतच नाहीत. अमरावतीच्या एका शिकवणी वर्गातले गणिताचे सर आले होते. पोरांसमोर दिवसभर उभे, लघवी तुंबवून ठेवायची सवय, वर निकालाची काळजी. कोणी ना कोणी त्यांना सारखं जंतूंचं औषध देत होतं. मी दोन्ही नमुने तपासले. एकही जंतू नाही. खालचे स्नायू मात्र मुठीसारखे आवळलेले. मी गोळ्या बंद केल्या, कोमट पाण्याच्या टबात बसायला सांगितलं, स्नायू सैल सोडायचे व्यायाम शिकवले. सर चिडले. ‘‘मॅडम, एवढ्या आशेनं आलो अन् तुमी अंघोळ लिहून दिली?’’ हळूहळू बरेचसे बरे झाले. पण इतकं विष पोटात गेलं, त्याचा जाब कोणाला विचारायचा?

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले, तो संजय. नाव बदललं आहे, आणि त्याला व त्याच्या बायकोला विचारूनच लिहिते आहे.

आठवड्यातून एकदा मी अकोल्याला एका मित्राच्या रुग्णालयात बसते. वाटेत मूर्तिजापूरपासून पुढे भिंती रंगवलेल्या दिसतात. ‘निराश होऊ नका, एक वेळ अवश्य भेटा. विवाहापूर्वी, विवाहानंतर.’ या भिंती दिसल्या की माझा ड्रायव्हर आपण होऊन गाणी लावतो, कारण एरवी मी काय बोलते ते त्याला पाठ आहे.

संजय या भिंतींकडूनच माझ्याकडे आला होता. अकोल्याच्या जुन्या शहरात घर, मोर्णा नदीपलीकडच्या गावात थोडी जमीन, त्यात शेवंती आणि झेंडू. पहाटे फुलांची पोती मोटारसायकलवर बांधून बाजारात न्यायची, हा त्याचा धंदा. वय चौतिशीच्या आसपास. खुर्चीच्या अगदी कडेला, एका बाजूवर भार देऊन बसला. मी तिथेच ओळखलं. नीट बसता न येणारा माणूस मला कंबरेविषयी काय सांगणार?

दोन वर्षांपासून दुखणं. आधी घराजवळच्या डॉक्टरच्या पाच-पाच दिवसांच्या गोळ्या. मग बस स्टँडजवळचा एक भिंतीवाला. त्यानं न तपासताच सांगितलं, की जवानीतल्या चुका आता बाहेर निघून राहिल्या. भस्म दिलं, काळी पुडी दिली, वरून हेही सांगितलं, की बायकोले आणखी लेकरू होणार नाही. शेवटी एकानं लघवीची तपासणी करून घेतली. त्यात जंतू निघाले.

आणि घरातलं खरं रामायण तिथून सुरू झालं. संजयची बायको वैशाली, तिचं माहेर अमरावतीचं. तिचा थोरला भाऊ वकील. तो अकोल्याला आला असताना त्याच्या कानावर ‘जंतू’ हा शब्द पडला. त्यानं सरळ विचारलं, ‘‘जंतू कुठून आणले, जावईबापू?’’ संजयला उत्तर देता आलं नाही. उत्तर नाही म्हणजे गुन्हा कबूल. वकीलसाहेब बहिणीला आणि भाचीला घेऊन अमरावतीला गेले. पंधरवड्यानं दोन्हीकडच्या जाणत्या माणसांची बैठक बसणार होती, फारकतीचं ठरवायला.

‘‘मॅडम,’’ संजय मला म्हणाला, ‘‘मी कोणाकडेच गेलो नाही. फुलं सोडून दुसरं काही माहीत नाही मले. पण हे सांगू कोणाले?’’

हे सगळं त्यानं मला दीड महिन्यानं, पुढच्या भेटीत सांगितलं. पहिल्या भेटीत नुसतीच कंबर. दोन्ही नमुने तेव्हाच घेतले होते. पहिला स्वच्छ, दुसऱ्यात आतड्यातले नेहमीचे जंतू खच्चून भरलेले. कुठल्या औषधानं मरतील तेही प्रयोगशाळेनं कळवलं. औषध लिहून दिलं, आणि त्यावर जे सांगायचं ते मी प्रत्येकाला मराठीत, दोनदा सांगते. या गोळीच्या आगेमागे दूध, दही, ताक, कॅल्शियमची गोळी, अॅसिडिटीचं पातळ औषध, काही नको. साध्या पाण्यासोबत घ्यायची. त्यानं मान डोलावली. दीड महिन्यानं तो आला तो तसाच, एका बाजूवर भार देऊन. नमुने पुन्हा घेतले. तेच जंतू. त्याच औषधानं मरणारे. गोळ्या मात्र सगळ्या संपलेल्या.

मला काही उलगडेना. हे औषध साधं नाही, स्नायूंच्या बंधांना त्रास देऊ शकतं, ते दुसऱ्यांदा डोळे मिटून कसं द्यायचं? बैठक तोंडावर आलेली. मी म्हटलं, दोन दिवस थांब, विचार करते.

त्याच दोन दिवसांत अमरावतीच्या दवाखान्यात वकीलसाहेब हजर झाले. नीट इस्त्री केलेले, नीट बोलणारे.

‘‘मॅडम, आमचा जावई तुमच्याकडे येते. त्याले गुप्तरोग हाये असं दोन ओळी लिहून द्या. बाकी मी पाहून घेतो.’’

‘‘तुमच्या अशिलाच्या गोष्टी तुम्ही मला सांगाल का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग माझ्या पेशंटच्या मी तुम्हाला का सांगू? आणि तो माझा पेशंट आहे का नाही, हेही मी सांगितलेलं नाही.’’

‘‘माझ्या बहिणीच्या जिंदगीचा सवाल हाये.’’

‘‘मग जावयाला घेऊन या, बहिणीला घेऊन या. त्याची हरकत नसेल तर तिच्यासमोर बोलेन. तिला कोणी विचारलं का, तिला काय हवं ते?’’

वकीलसाहेबांना राग आला. मला आधीच आला होता, त्यामुळे बरोबरी झाली. पण माणूस वाईट नव्हता. बहिणीसाठी जीव तुटत होता, फक्त ‘गुप्तरोग’ हा शब्द त्या रंगवलेल्या भिंतींकडून शिकला होता. दुसऱ्या दिवशी तिघंही आले.

संजयला मी आधी एकट्याला आत घेतलं आणि विचारलं, बोलू का? म्हणाला, ‘‘बोला मॅडम. आता लपवाले काय राह्यलं?’’

मग तिघांना समोर बसवलं. कागदावर चित्र काढलं, मूत्राशय, नळी, ग्रंथी, मागे आतडं. ‘‘हे जंतू बाहेरून कुठून आणावे लागत नाहीत. ते तुमच्या पोटात आहेत, वकीलसाहेब, माझ्या पोटात आहेत. पचनाच्या जागी ते गुण्यागोविंदानं राहतात. तिथून लघवीच्या वाटेवर आले की त्रास देतात. त्याला बाहेरख्यालीपणा लागत नाही. हा गुप्तरोग नाही. कोणाकडून आलेला नाही, कोणाला जाणारही नाही.’’

वैशाली माझ्याकडे न बघता चित्राकडे बघत होती. वकीलसाहेबांनी मात्र मुद्दा सोडला नाही.

‘‘मॅडम, मान्य केलं. पण तुमी दीड महिना औषध देलं. बरा काहून नाही झाला? म्हणजे दुसरं कायतरी हाये ना.’’

प्रश्न अगदी रास्त होता, आणि तोच मलाही पडला होता. मी तसं म्हणालेसुद्धा. बाजी पलटते आहे हे मला दिसत होतं, संजयलाही दिसत होतं. त्यानं मान खाली घातली.

तेव्हा वैशालीनं, आल्यापासून पहिल्यांदाच, तोंड उघडलं. तिनं नवऱ्याला विचारलं, ‘‘गोळी कायच्यासंग घेत होते जी तुमी?’’

त्यानं टेबलावरचा पेपरवेट उचलला.

‘‘दुधासंग ना?’’

 मग तिनं मला सांगितलं. त्यांच्या घरात कुठलीही गोळी गरम. डोक्याची असो, तापाची असो, सासूबाई हातात दुधाचा पेला देणार, आणि पेला रिकामा होईतोवर समोर उभ्या राहणार. पोट जळू नये लेकराचं. वैशालीला बाळंतपणात तशाच दिल्या होत्या.

मी संजयकडे वळले. ‘‘मी सांगितलं होतं ना, दूध नको?’’

‘‘होय मॅडम.’’

‘‘मग?’’

‘‘मायले काय सांगू? नको म्हटलं तं ती विचारीन, कायची गोळी हाये. मी तिले कंबर दुखते म्हणून सांगून ठेवलं.’’ मग तो म्हणाला, ‘‘तिच्या गुडघ्याच्या कॅल्शियमच्या गोळ्या असतेत ना, त्याबी देत होती मले संगंसंगं. कंबरीले चांगल्या असतेत म्हणे.’’

मी कपाळावर हात मारला. दुधातलं आणि गोळीतलं कॅल्शियम या औषधाला पोटातच धरून ठेवतं. ते रक्तात नीट उतरतच नाही, ग्रंथीपर्यंत काय पोचणार? आई मायेनं पेला भरत होती, पोरगा इमानदारीनं गोळी गिळत होता, आणि बहुतेक औषध सकाळी संडासात चाललं होतं.

मला त्याच्या आईचा राग आला नाही. दुकानदार सांगतो ‘गरम हाये, दुधासंग घ्या’, कित्येक डॉक्टर सांगतात, तिनं एकटीनं का वेगळं वागावं? राग आला तो या चौतीस वर्षांच्या घोड्याचा. संसार मोडत होता, पोर दुरावली होती, तरी ‘माय, लघवीच्या जागी दुखतं’ ही तीन-चार शब्दांची गोष्ट याच्या तोंडातून निघेना! आणि त्याला एकट्याला तरी काय बोलायचं? ज्यानं त्याला ही लाज शिकवली, त्या सगळ्या मुलखाचा मला त्या क्षणी राग आला. मी बरंच काही बोलले. ते इथे लिहीत नाही, संपादकांना छापता येणार नाही.

माझं संपल्यावर वैशाली उठली. भावाला म्हणाली, ‘‘दादा, पोरीले अन् माही पिशवी घरून आणून दे. मी अकोल्याले चालली.’’

‘‘अवं, पण बैठक?’’

‘‘बैठक तुमी करा. याहिले पाण्यासंग गोळी कोण देईन?’’

वकीलसाहेबांनी चित्राचा कागद उचलला. मग मला म्हणाले, ‘‘हे घेऊन जाऊ काय मी?’’ आणि तो कागद घडी घालून खिशात ठेवला. बैठक झाली नाही.

मी धोके समजावून औषध पुन्हा सुरू केलं. त्यानंतर संजय आला तो खुर्चीत नीट, मागे टेकून बसला. दोन्ही नमुने स्वच्छ निघाले. पुढेही काही महिने मी तपासत राहिले, कारण हा संसर्ग परत येऊ शकतो. आला नाही.

अशाच एका फेरीला अकोल्याच्या दवाखान्यात संजयऐवजी त्याची आई आली. वैशालीनं तिला आणून सोडलं आणि ती बाहेर बसली. साठी ओलांडलेली बाई, हार ओवून ओवून बोटांना फुलांचा पिवळा रंग चढलेला. मला वाटलं, आभार मानायला आली असेल. ती भांडायलाच आली होती.

‘‘बाई, सुनेनं सांगितलं मले सारं. मी दूध दिलं म्हणून लेकाचं औषध वाया गेलं. मले काहून नाही सांगितलं कोणी? म्या काय परकी हाये? ज्या जाग्याची त्याले लाज वाटून राहिली ना, ते सारं म्या धुतलं हाये. त्याचं हागणं-मुतणं काढलं ह्या हातानं. तवा नाही लाजला, अन् आता मायची लाज?’’

मी म्हटलं, तुमचं बरोबर आहे. 

ती थोडी निवली. पदरानं तोंड पुसलं. मग खुर्ची जवळ ओढून, आवाज खाली आणून तिनं विचारलं, ‘‘एक सांगा बाई. याच्या बापाले शेवटच्या सालात असंच होत होतं. रातभर मोरीत जाऊन उभा राहे, लघवी होये नाही. दार लावून घे. म्या विचारलं का म्हणे, कंबर धरली. मंग अंग सुजलं, अन् दवाखान्यात नेलं तवा सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्या. तेबी हेच होतं काय?’’

मी सांगितलं, त्या वयात बहुधा ग्रंथी वाढलेली असावी. लघवी तुंबली की मूत्रपिंडांवर ताण येतो. पण मी त्यांना पाहिलं नव्हतं, नक्की कसं सांगू?

‘‘पाह्यलं असतं तं?’’

‘‘वेळेवर तपासलं असतं तर...’’

  पुढचं तिनंच सांगितलं.

‘‘मोरीच्या दाराच्या अल्याड मीच उभी होती, बाई. रोज. नुसतं दार उघडून सांगाचं होतं त्याले.’’